सवळु-जवळु रान: जिप्समच्या आधी चर

कृष्णाकाठच्या कन्नड शेतकऱ्यांच्या तोंडी ‘सवळु-जवळु’ असा जोडशब्द आहे. सवळु म्हणजे खारवट, जवळु म्हणजे पाणथळ. आपण मराठीत नुसतं ‘क्षारपड’ म्हणतो आणि पाणी विसरतो. रान बिघडतं ते आधी पाण्याने, मीठ मागून येतं.

बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी, रायबाग, चिक्कोडीकडची काळी जमीन चिकण, पाणी लवकर निचरत नाही. जोंधळा-हरभऱ्याला ती सोन्यासारखी. कालवे आणि उपसा पाणी आलं, ऊस वाढला, सरी काठोकाठ भरायची सवय लागली. भूजल जमिनीपासून दीड मीटरच्या आत आलं की मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढतं, वरून वाफ होते आणि मीठ मागे राहतं. तीच उन्हाळ्यातली पांढरी खपली.

खपली दिसायची वाट पाहू नका. रानात दोन मीटर खोल भोक घेऊन छिद्रं पाडलेला पाइप उभा करा आणि पावसाळा संपल्यावर व मे महिन्यात पाण्याची पातळी मोजा. मातीचे नमुने तीन थरांचे वेगळे घ्या: 0-30, 30-60 आणि 60-90 सेंमी, प्रत्येकी अर्धा किलो. बांध, झाडाखालची जागा आणि शेणखताच्या ढिगाची जागा टाळा.

अहवालात क्षारता 4 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर आणि सामू (पीएच) 8.5 च्या आत असेल तर जमीन क्षारयुक्त आहे. तिला जिप्समची गरज नसते. चर काढून गोड्या पाण्याने धुवावी लागते. सामू 8.5 च्या वर आणि विनिमययोग्य (मातीच्या कणांना चिकटलेलं) सोडियम 15 टक्क्यांहून जास्त असेल तर ती चोपण. इथे जिप्सम लागतं, पण मात्रा प्रयोगशाळेने सांगितलेलीच. जिप्सममधलं कॅल्शियम मातीच्या कणांवरचं सोडियम सोडवतं. ते सुटलेलं सोडियम पाण्याबरोबर बाहेर गेलं नाही तर पैसे मातीत गेले. चराशिवाय जिप्सम टाकणं ही इथली सगळ्यात महागडी चूक आहे. (त्याच जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या तांबड्या, जास्त पावसाच्या रानात उलटा प्रकार: तिथे माती आम्लधर्मी, म्हणून अहवाल बघून चुना. शेजारच्या तालुक्याचं औषध डोळे झाकून उचलू नये.)

बंदिस्त निचऱ्यासाठी, म्हणजे जमिनीखाली झाकलेल्या चरासाठी, साधारण 80 मिमीचे सच्छिद्र पाइप मीटर-सव्वा मीटर खोल टाकतात. दोन ओळींमधलं अंतर मातीवर ठरतं. चिकण रानात ओळी जवळ घ्याव्या लागतात. खोदाई नाल्याकडच्या तोंडापासून वर करत जायची, म्हणजे उतार चुकत नाही आणि काम चालू असताना पाणी तुंबत नाही. 100 मीटरला 10 ते 20 सेंमी उतार पुरतो, पण तो सलग हवा. मध्ये एक खड्डा पडला तरी तिथे गाळ बसून पाइप बंद होतो. पाइपाला गाळणीचं कापड गुंडाळायला विसरलात तर तेच होतं.

चर वाहू लागले की धैंचा हे हिरवळीचं खत घ्या. एकरी 20 किलो बी, आणि 45 दिवसांच्या आसपास, फुलं धरायच्या वेळी गाडा. उशीर केला तर खोड जून होऊन कुजत नाही.

उसाचा पाला मात्र पेटवू नका. उघड्या सरीतून बाष्पीभवन वाढतं आणि मीठ पुन्हा वर येतं. तुटल्यावर पाला एक सरी आड पसरा. पाल्याच्या दर टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो जिवाणू कल्चर टाकून ओल ठेवा. युरिया वगळला तर कुजवणारे जिवाणू खोडव्याचंच नत्र खातात आणि फुटवा पिवळा पडतो.

शेवटी नाल्याकडे बघा. पाइपाचं तोंड नाल्यातल्या पाण्याच्या वर राहिलं पाहिजे, आणि खालच्या शेतकऱ्याने नाला बुजवला तर वरच्या सगळ्यांचे चर उलटे भरतात. म्हणून एकाच शेतात काम करण्याऐवजी नाल्याकाठच्या सगळ्या शेतकऱ्यांनी मिळून आराखडा करावा, आणि लव्हाळा व गाळ एप्रिल-मेमध्येच काढून टाकावा.