ही ओव्हर संपू दे

२ ऑक्टोबर २०२५, गुरुवार. दसरा. रात्री.

अण्णांचा रेडिओ तीन दिवस झाले ओसरीत वाळायला ठेवलाय. मागचं झाकण काढलेलं, चार स्क्रू पितळेच्या वाटीत, आणि स्पीकरच्या काळ्या कागदावर गाळाची एक पिवळट रेघ. तशीच रेघ घराच्या सगळ्या भिंतींवर आहे, माझ्या मांडीच्या जरा वर. आई ओल्या फडक्यानं ती पुसते. भिंत वाळली की रेघ पुन्हा दिसायला लागते.

सोमवारी दुपारपासून गावी आहे. गेवराई तालुक्यातलं आमचं गाव, गंगेच्या थडीला. आमच्याकडं गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. रविवारी जायकवाडीतून पाणी सुटलेलं, वरून पावसाला खंड नाही, आणि गंगा गावात शिरली. म्हातारी माणसं पारावर बसून २००६ च्या पुराशी ताडून बघतायत, तेव्हा पाणी कुठल्या पायरीला होतं आणि आता कुठं आलं. सोयाबीनची काढणी दसऱ्याच्या तोंडावर धरली होती. आता शेंगांतच कोंब फुटलेत. नदीकडचा तुकडा तर खरवडून गेलाय, काळी माती जाऊन खालचा मुरूम उघडा पडलाय. अण्णा त्या बाजूला अजून गेलेले नाहीत. पंचनाम्याला माणसं येतील तेव्हा जाऊ म्हणतात.

शेताचं पुन्हा कधी लिहीन. आज रविवारच्या रात्रीचं लिहून ठेवायचंय. आत्ताच लिहिलं नाही तर मी हळूहळू ते स्वतःला वेगळंच सांगायला लागेन, मला सोयीचं पडेल असं.

रविवार, २८ सप्टेंबर. दुबईला आशिया कपची फायनल. ही स्पर्धा १९८४ पासून चालू आहे, पण फायनलला भारत आणि पाकिस्तान पहिल्यांदाच समोरासमोर. संभाजीनगरला आमच्या अपार्टमेंटमध्ये घरटी दोनशे रुपये काढून पार्किंगमध्ये पडदा बांधलेला. चार वाजता अण्णांशी बोललो होतो. "पाणी वाढायलंय, पण भ्यायचं काम नाही," असं ते म्हणाले. ते वाक्य मी खिशात ठेवलं आणि निर्धास्त झालो. अण्णा आयुष्यात कधी "भीती वाटायलीय" म्हणाले नाहीत, हे मला माहीत होतं. तरी निर्धास्त झालो.

पहिला फोन आला तेव्हा पाकिस्तान एक बाद शंभराच्या पुढं होतं आणि पार्किंगमध्ये सगळ्यांची तोंडं उतरलेली. फोन कापला. थोड्या वेळानं दुसरा. तोही कापला. मग विकेट पडायला लागल्या, आणि विकेट पडायला लागल्या की मी जागचा हलत नाही. ही माझी सवय जुनी आहे. कॉलेजच्या दिवसांपासून मी असं धरून चाललोय की मी हललो की तिकडं काहीतरी बिघडतं. पायाला मुंग्या आल्या तरी बसून राहतो.

कुलदीपची ती सतरावी ओव्हर, एका ओव्हरमध्ये तीन विकेट. त्या ओव्हरच्या मध्यात लेक जिन्यावरून धावत खाली आली. अकरा वर्षांची आहे. हातात तिच्या आईचा फोन.

"पप्पा, आजी आहे. रडतीये."

मी म्हणालो, "ही ओव्हर संपू दे."

ती तिथंच उभी राहिली. फोन दोन्ही हातांत धरून, माझ्याकडं तोंड करून. पडद्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. मग वर निघून गेली.

पाकिस्तान १४६ ला गुंडाळलं, मी टाळ्या वाजवल्या, आणि मग वर गेलो. बायको गॅलरीत उभी होती. गोठ्यात पाणी आलं होतं. अण्णा घर सोडायला तयार नव्हते, आणि आईला माझ्याकडून एवढंच हवं होतं, "तू सांग, तुझंच ऐकतेत ते." सुनेनं सांगून पाहिलं होतं. "बघतो, बघतो" करून त्यांनी फोन आईकडं दिला होता.

मी फोन लावला. बंद. आईचा बंद, अण्णांचा बंद, शेजारच्यांचा लागेना. गावात संध्याकाळपासून लाईट नव्हती, बॅटऱ्या उतरल्या असणार, हे कळत होतं. तरी मी लावत राहिलो. खाली भारत तीन बाद वीस झालेलं, मग तिलक वर्मानं सावरलं, हे मला आवाजावरून कळत होतं. मध्येच शांतता, मध्येच कल्ला. बारा वाजून गेल्यावर फटाके वाजले, तेव्हा जिंकलो हे समजलं. त्या वेळी मी एकशे-कितव्यांदा तरी तोच नंबर लावत होतो. लेक माझ्या शेजारी पलंगावर बसून होती. तिनं एकदाही विचारलं नाही की ओव्हर संपली का.

पाऊण वाजता चुलतभावाचा फोन आला. सगळे जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. गल्लीतली पोरं ट्रॅक्टर घेऊन आली होती. अण्णांनी म्हैस आणि वगार सोडली आणि मगच ट्रॅक्टरवर पाय ठेवला, तोवर पाणी कमरेला लागलेलं. चुलतभाऊ सहज बोलून गेला, "काकू लय वेळ उंबऱ्यात थांबल्या होत्या, तुझा फोन येईल म्हणून."

कुणाला काही झालं नाही. पण आई पाण्यात उभी राहून ज्या फोनची वाट बघत होती तो माझ्या खिशात होता आणि मी तो दोनदा कापला होता. मॅचसाठी. अकरा माणसांच्या खेळासाठी, ज्यांतलं एकही माणूस मला ओळखत नाही.

त्या रात्री झोप लागली नाही आणि डोक्यात सारखी १९ नोव्हेंबर २०२३ येत राहिली. अहमदाबादची वर्ल्ड कप फायनल. दिवाळीला आलेली धाकटी बहीण त्या संध्याकाळी बीडला परत निघाली होती. दोन लेकरं, दोन बॅगा, वर फराळाचा डबा. ऑस्ट्रेलियाची तिसरी विकेट पडली होती, ४७ वर तीन, आणि आता कप आपलाच असं मला वाटत होतं. ती दारात आली. "भैय्या, येते रे." मी मान हलवली, नजर टीव्हीवरच. सिडको स्टँड घरापासून दहा मिनिटांवर आहे. ती रिक्षा करून गेली. पुढं ट्रॅव्हिस हेडनं १३७ मारले आणि सलग दहा मॅच जिंकत आलेला आपला संघ हरला. मी दोन दिवस घरात कुणाशी धड बोललो नाही. पोरीनं ताटात भाजी सांडली म्हणून तिच्यावर ओरडलो. ते दोन दिवस मी दुःखात आहे असं सगळ्या घरानं धरून घेतलं, हळू आवाजात बोलले, टीव्ही लावला नाही. सुतकात वागतात तसं. मी ते होऊ दिलं.

आणि हे मी कुठून शिकलो? अण्णांकडून तर नाही. क्रिकेटचं वेड त्यांचंच, मला दिलेलं. पण त्यांचं वेगळं होतं. निंदणीच्या वेळी रेडिओ बांधावरच्या बाभळीला टांगलेला असायचा. बाळ ज. पंडितांच्या मराठी कॉमेंट्रीच्या आठवणी ते अजून सांगतात. पण बैल सोडायची वेळ झाली की रेडिओचा कान पिळायचे. मग गावसकर खेळत असो की कपिल.

१३ मार्च १९९६, ईडन गार्डनची सेमीफायनल मला अजून लख्ख आठवते. मी नऊ वर्षांचा. आजी तापानं फणफणलेली. सचिन खेळत होता, साठीच्या पुढं गेला होता, आणि आतून आजीनं हाक मारली. अण्णांनी रेडिओ बंद केला आणि आत जाऊन तिचे पाय चेपायला बसले. मी मागं लागलो, "अण्णा, लावा ना, हळू आवाजात लावा." ते म्हणाले, "आईला झोप लागू दे." मी पळत ज्यांच्याकडं ट्रॅक्टरच्या बॅटरीवर टीव्ही चालायचा त्यांच्या घरी गेलो. एक बाद ९८ वरून आठ बाद १२०, लोकांनी बाटल्या फेकल्या, स्टँडमध्ये जाळपोळ केली, मॅच श्रीलंकेला दिली आणि कांबळी रडत बाहेर आला. मीही रडत घरी आलो. अण्णा अजून तिथंच, आजीच्या पायाशी. त्यांनी वर पाहून विचारलं, "हरलो?" मी मान हलवली. "हात-पाय धू, जेवून घे," म्हणाले. दुसऱ्या दिवशी पेपर आला तेव्हा मात्र प्रत्येक ओळ वाचली, पुन्हा वाचली. त्यांनाही लागलं होतंच.

१९९९ च्या वर्ल्ड कपची गोष्ट आम्ही सगळे छाती फुगवून सांगतो. वडील गेले, सचिन परत गेला, केनियाविरुद्ध ब्रिस्टलला नाबाद १४० केले, बॅट आभाळाकडं केली. ती गोष्ट आम्ही कायम शतकापासून सांगायला घेतो. त्याच्या आधी तो विमानात बसून घरी आला होता, हे घाईनं उरकतो. तो नव्हता ती झिम्बाब्वेची मॅच आपण तीन रननं हरलो. वर्ल्ड कप चालू होता, संघ अडचणीत होता, आणि तो मुंबईला घरी होता. परत जा असं त्याच्या आईनंच त्याला सांगितलं.

डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला संघ ३६ वर आटोपला आणि पहिल्या बाळंतपणासाठी कोहली रजा घेऊन परतला, तेव्हा कंपनीच्या कँटीनमध्ये मी मोठमोठ्यानं बोललो होतो. भर लढाईत सेनापतीनं असं निघून जायचं असतं का, म्हणून. ११ जानेवारीला त्याला मुलगी झाली, त्याच दिवशी सिडनीला आपल्या पोरांनी अंगावर चेंडू झेलत कसोटी वाचवली, आणि पुढच्या आठवड्यात ब्रिस्बेनला मालिकाही जिंकली. पण हरली असती तरी त्याचं बरोबरच होतं. हे मला आता कळतंय. ज्याच्यासाठी मी घरच्यांना थांबवतो, तो स्वतः घरच्यांसाठी मॅच सोडून जातो.

यंदाच्या ४ जूनला बंगळूरच्या स्टेडियमबाहेर अकरा माणसं चेंगरून गेली. अठरा वर्षांनी मिळालेला आयपीएलचा कप बघायला आलेली. बातमी वाचून मी दिवसभर सुन्न होतो. त्यांच्या घरांतही कुणीतरी फोन लावत बसलं असेल, आणि तिकडून कुणी उचलत नसेल, हे तेव्हा माझ्या मनात आलं नव्हतं. रविवारी रात्री आलं.

सोमवारी एरवी दोन तासांचा रस्ता वळसे घेत सहा तासांत कापला. शाळेत चौथीच्या वर्गात सतरंज्या टाकलेल्या, फळ्यावर अजून शनिवारचा सुविचार. आई कुणाच्या तरी लेकराला मांडीवर घेऊन बसलेली. मला पाहून म्हणाली, "जेवलास का?" मी तिच्या पायाशी बसलो. फोनबद्दल सांगायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "असू दे, पाऊस होता, रेंज नसंल." मी म्हणालो, रेंज होती, आई. मी कापला. ती काही बोलली नाही. लेकराच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग थोड्या वेळानं माझ्या.

अण्णा भिंतीला टेकून बसलेले. पायाला कापल्याची जखम, हळद लावलेली. म्हणाले, "काय झालं काल? जिंकलो का?"

मला त्यांना नीट सांगता येईना. जिंकलो एवढंच माहीत होतं. फोनवर धावफलक काढून दोघं मिळून वाचत बसलो. तिलक वर्मा नाबाद ६९. रिंकूनं एकच चेंडू खेळला, त्यावर चौकार. "एकच?" अण्णांनी विचारलं आणि इतके प्रसन्न हसले की शेजारच्या सतरंजीवरची माणसंही सरकून जवळ आली, त्यांनाही सांगावं लागलं. घर पाण्यात, सोयाबीन पाण्यात, आणि वर्गभर माणसं त्या एका चेंडूवर खूश. क्रिकेट मला सोडायचं नाहीये. ते असं, चार माणसांत, सगळे जागेवर आहेत ना हे बघून झाल्यावर, फार गोड लागतं.

आज बहीण आली. गावात आपट्याची पानं मिळायची पंचाईत, तिनं बीडहून आणली. सोनं देताना मी तिला त्या संध्याकाळचं बोललो, स्टँडवर आलो नव्हतो ते. मला वाटलं विसरली असेल. ती पानं वेगळी करत म्हणाली, "पोरगं गाडीत विचारायलं होतं, मामा का नाही आला. मी म्हणलं, मामाला काम होतं."

संध्याकाळी लेकीनं आणि अण्णांनी रेडिओ जोडला. तिनं स्क्रू आवळले, त्यांनी बॅटरी धरली. अहमदाबादला आजपासून वेस्ट इंडिजशी कसोटी चालू झालीय, ती लागते का बघू म्हणाले. नुसती खरखर. अण्णांनी कान इकडंतिकडं पिळून पाहिला, पुन्हा झाकण काढलं आणि म्हणाले, आतली ओल जायची अजून, उद्याच्या उन्हात ठेवू.

उद्या बहिणीला गेवराईच्या स्टँडवर सोडायचंय. दहाची गाडी आहे. बॅगा आत्ताच गाडीच्या डिकीत ठेवल्यात.