बाबाबा, बाकोबा आणि दालमिलची कैची

दहावीनंतर मी आयटीआयला वेल्डरचा ट्रेड घेतला आणि आता लातूरला औसा रोडवर माझं स्वतःचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा म्हणून फोन आला तेव्हाच मी सांगून टाकलं की मी नववीच्या भूमितीवर लिहिणार, कारण शाळेत शिकलेलं जे माझ्या हाताला रोज लागतं ते म्हणजे एकरूप त्रिकोण, म्हणजे एकमेकांवर तंतोतंत बसणारे, आणि समद्विभुज त्रिकोण, म्हणजे दोन बाजू सारख्या असलेले.

भूमितीच्या सरांचं नाव लिहीत नाही, माझ्या बॅचला ते सांगायची गरजच नाही. पक्ष (दिलेलं), साध्य (दाखवायचं), सिद्धता असं फळ्यावर लिहायचे आणि प्रत्येक ओळीपुढं कंसात कारण. कुणी फळ्यावर गेलं आणि कारण न देता पुढं सरकलं की मागून आवाज यायचा, "कशावरून म्हणायलास?" पोरगं म्हणायचं, दिसायलंय की सर. "दिसायलंय ते डोळ्यापाशी ठेव बाबा, वहीत कारण लिही."

बाबाबा कसोटी, म्हणजे बाजू-बाजू-बाजू, तिन्ही बाजू सारख्या असल्या की त्रिकोण एकरूप, ही त्यांनी आधी फळ्यावर शिकवलीच नाही, आम्हाला तुराट्या आणायला लावल्या, त्या तर गावात प्रत्येकाच्या दारात पडलेल्या असायच्या, मग १२, १० आणि ७ सेंटीमीटरचे तीन तुकडे करून टोकं दोऱ्यानं बांधायची. सगळ्या वर्गाचे त्रिकोण टेबलावर एकावर एक ठेवले, काही उलटे करावे लागले, पण बसले सगळेच. सर म्हणाले, आता सांगा, कोन कुणी मोजला होता का? कुणीच नाही. तीन बाजू ठरल्या की कोनाला हलायला जागाच राहात नाही, हे मला त्या दिवशी जे कळलं ते कायमचं. कोकोको, म्हणजे नुसते तीन कोन सारखे, ही कसोटी का नाही यासाठी तर त्यांनी फळ्यावर वापरायचा मोठा लाकडी गुण्या आणि कंपासपेटीतला छोटा गुण्या शेजारी शेजारी धरले, दोन्ही ३०-६०-९० चे. कोन तेच, एकरूप म्हणता का? पुढं बोलायची गरजच पडली नाही. बाबाको, म्हणजे दोन बाजू आणि त्यांच्या मधला नसलेला कोन, ही पण कसोटी नाही, ते दाखवायला मात्र कंपास घेतला, ६ सेंटीमीटरची बाजू, तिच्या एका टोकाला ३० अंशाचा कोन आणि दुसऱ्या टोकावरून ४ सेंटीमीटरचा कंस, तो कंस समोरच्या रेषेला दोन ठिकाणी छेदतो, म्हणजे त्याच मापात दोन वेगळे त्रिकोण.

समद्विभुज त्रिकोणात सारख्या बाजूंसमोरचे कोन सारखे, हे प्रमेय शिरोकोनाचा दुभाजक काढून बाकोबानं, म्हणजे दोन बाजू आणि त्यांच्या मधला कोन सारखा या कसोटीनं, सिद्ध करतात, पुस्तकात तसंच आहे. तिथं बरीच मुलं एकच रेषा काढून ती कोन पण दुभागते, पायाला लंब पण आहे आणि मध्यातून पण जाते असं सगळं आधीच लिहून मोकळी व्हायची. सर म्हणायचे एका रेषेवर अट एकच लावायची, बाकीचं तुम्ही सिद्ध करून दाखवा. आणि मग त्यांनी सांगितलं की काहीच न काढता पण हे सिद्ध होतं, चौथ्या शतकात अलेक्झांड्रियात पॅपस नावाचा गणिती होता त्याची ही युक्ती, त्रिकोण अबक ची तुलना त्याच्याच उलट्या रूपाशी म्हणजे अकब शी करायची. अब बरोबर अक, अक बरोबर अब, मधला कोन अ सामाईक, बाकोबानं एकरूप, म्हणून कोन ब बरोबर कोन क. झालं! इतकी सुंदर सिद्धता मी दुसरी पाहिली नाही.

सरांचं आवडतं उदाहरण मी अजून वर्कशॉपच्या फळीवर खडूनं काढून पोरांना घालतो. त्रिकोण अबक मध्ये अब = अक. अक वर बिंदू ड असा की अड = बड = बक. सगळे कोन काढा. एकही कोन दिलेला नाही, त्यामुळं सगळे म्हणतात माहिती कमी आहे. कमी नाही. कोन अ ला क्ष म्हणा, अड = बड म्हणून कोन अबड पण क्ष. मग कोन बडक हा त्रिकोण अबड चा बाह्यकोन, दोन दूरस्थ आंतरकोनांच्या बेरजेइतका, म्हणजे २क्ष. बड = बक म्हणून कोन क पण २क्ष, आणि अब = अक म्हणून अख्खा कोन ब सुद्धा २क्ष. क्ष + २क्ष + २क्ष = १८०, म्हणजे क्ष ३६, उरलेले दोन ७२-७२. नुसत्या सारख्या बाजूंवरून ३६ अंश हातात येतात, आपण कागदावर पाच टोकांची चांदणी काढतो तिच्या टोकाचा कोन पण हाच.

आता कामाचं. दालमिलच्या ४० फुटी शेडची कैची, म्हणजे छपराला आधार देणारा लोखंडी सांगाडा, हा समद्विभुज त्रिकोणच. उतार १२ अंशाचा ठेवला तर वरचा कोन १८० वजा २४, १५६ अंश, आणि मधला उभा पाईप त्याचे ७८-७८ करतो व बरोबर २० फुटावर उतरतो, ओळंबा सोडून बघितलं तरी तिथंच येतो. पहिली कैची जमिनीवर मांडून वेल्डिंगचे टाके मारायचे, पुढच्यांना कोन मोजायचाच नाही, फक्त लांबी. गेटची चौकट गुण्यात, म्हणजे कोपरे काटकोनात, आहे का बघायला आम्ही कोपरा ते कोपरा दोन्ही तिरकी मापं घेतो. सगळे फॅब्रिकेटर हे करतात, पण का चालतं हे विचारा. समोरासमोरच्या बाजू सारख्या, तिरकी मापं सारखी, खालचा पाईप सामाईक, बाबाबानं दोन त्रिकोण एकरूप, म्हणून खालचे दोन्ही कोपरे सारखे, आणि त्यांची बेरीज १८० कारण बाजू समांतर, मग प्रत्येकी ९०! हेल्पर पोरांना मी हे कारणासहित सांगतो, त्याशिवाय टेप हातात देत नाही.

महोत्सवाला येताना नववीच्या वर्गासाठी लोखंडी पट्ट्यांचे सेट करून आणतोय, टोकाला भोकं आणि नटबोल्ट, तीन पट्ट्यांचा त्रिकोण आणि चार पट्ट्यांचा चौकोन. त्रिकोण जागचा हलत नाही, चौकोन लगेच तिरका होतो, आणि कर्णाची पाचवी पट्टी लावली की तोही थांबतो. पोरांना हातात द्या, कपाटात ठेवू नका. आणि बोल्ट फार आवळू नका, नाहीतर पाचवी पट्टी लावायच्या आधीच चौकोन गच्च बसेल.