चार जुन्या साड्यांची एक गोधडी

घर उबदार वाटावं म्हणून अभ्रे, गालिचे, सुगंधी मेणबत्त्या यांवर बराच खर्च होतो. आपल्या हवेत मात्र खोलीला खरी ऊब देणारी वस्तू बहुतेक घरांत कपाटाच्या तळाशी पडलेली असते: विरत चाललेल्या सुती साड्या. नाशिकची जानेवारीतली पहाट असो, कोकणातली जुलैची ओली रात्र असो, की 26 वर लावलेला एसी असो, ब्लँकेट घेतलं तर घाम फुटतो आणि नुसत्या चादरीने भागत नाही. तिथे गोधडीच हवी. कोल्हापूर-साताऱ्याकडे हिलाच वाकळ म्हणतात. ती घरी हाताने शिवता येते, आणि शिवायलाच हवी असं आमचं ठाम मत आहे.

गोधडीची ऊब येते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेतून. पातळ कापडाचे सहा थर एका जाड कापडापेक्षा जास्त हवा धरून ठेवतात, आणि कापड सुती असल्यामुळे अंगाचा घाम टिपून घेतात. म्हणून कापडाची निवड ही निम्मी गोधडी. साडी धुऊन धुऊन मऊ झालेली हवी, पण बोटांनी ताणल्यावर फाटणारी नको. सिंथेटिक साडी आत अजिबात घालू नका. ती घसरते, थर जागचे हलतात आणि उकडतं. साडी सुती आहे की नाही याची शंका असेल तर कडेचे चार धागे काढून जाळून बघा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. जुनी सोलापुरी चादर आत घालायचा मोह होतो, पण बाकीचे सगळे थर ठेवून तीही घातली तर सुई जात नाही. घालायचीच असेल तर आत ती एकटीच, खाली-वर एकेक साडी, बस्स.

आता माप. एका माणसाच्या गोधडीसाठी 5 फूट बाय 7 फूट पुरतं. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटरची, म्हणजे 18 फूट. तिचे 5 फुटांचे तीन तुकडे निघतात आणि 3 फूट उरतं. काठ काढल्यावर पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, 42-43 इंच राहतो, म्हणून दोन तुकडे शेजारी-शेजारी ठेवले की 7 फूट भरतात आणि एक थर होतो. चार साड्यांचे बारा तुकडे, म्हणजे सहा थर: एक वरचा, एक खालचा, चार आतले. उरलेल्या तुकड्यांची ठिगळं ठेवून द्या, पुढे लागतात. काठ आणि पदर आधीच उसवून किंवा कापून घ्या. त्यांत जरीचे धागे असतील तर ते अंगाला टोचतात, आणि जाड काठातून सुई ओढताना बोटं दुखतात. काठ चांगला असेल तर शेवटी किनारीला पट्टी म्हणून लावा, गोधडीला रूप येतं.

साड्या शिवण्याआधी धुवायच्याच. खळ असेल तर रात्रभर साध्या पाण्यात भिजवून ती काढा. रंग जातो का हे पाहायला ओल्या पांढऱ्या फडक्याने घासा. गडद लाल आणि निळ्या साड्यांवर विशेष लक्ष ठेवा, त्यांचा रंग पुढच्या धुण्यात फिक्या कापडावर उतरतो. जुन्यात एखादा नवा कापडाचा तुकडा मिसळत असाल तर तो गरम पाण्यातून दोनदा काढा. नवं सूत आटतं, जुनं आटून बसलेलं असतं. हे केलं नाही तर पहिल्या धुण्यानंतर गोधडीला अशा चुण्या पडतात की त्या परत निघत नाहीत.

थर लावणं हे जमिनीवरचं काम आहे, पलंगावर नको. फरशी पुसून कोरडी करा. खालचा थर उलटी बाजू वर करून पसरा आणि चारही कोपऱ्यांवर पाट किंवा भरलेले डबे ठेवा. आतले थर चारही बाजूंनी इंचभर लहान कापा, म्हणजे कडा दुमडायला जागा राहते. आतल्या तुकड्यांना जोडशिवण घालू नका, कड कडेला नुसती भिडवा. इथे एक चूक हमखास होते: सगळ्या थरांचे जोड एकाच रेषेत, बरोबर पोटावर येतात आणि तिथे फट पडून थंडी लागते. म्हणून एकाआड एक थरात एक तुकडा मधोमध अखंड ठेवा आणि दुसरा उभा चिरून त्याच्या दोन पट्ट्या डोक्याशी आणि पायाशी लावा. वरच्या आणि खालच्या थराचे जोड तेवढे मशीनवर टीप मारून घ्या.

प्रत्येक थर तळव्याने मधून बाहेर सपाट करत जा. मग सगळे थर टाचून घ्या. वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने लांब कच्चे टाके घाला, मध्यापासून सुरू करून कडेकडे, उभे-आडवे, दर वीतभर अंतरावर. हे दोन तासांचं कंटाळवाणं काम आहे आणि नव्याने शिवणारे नेमके तेच टाळतात. मग पक्के टाके कडेकडून आत येताना जास्तीचं कापड पुढे सरकत जातं आणि शेवटी मधोमध फुगा उरतो. फुगा आलाच तर उसवत बसू नका. त्याची बारीक चुणी घालून सपाट शिवून टाका, धुतल्यावर दिसेनाशी होते.

दोरा सुतीच घ्या. नायलॉनचा दोरा स्वतः तुटत नाही, विरलेल्या कापडाला मात्र कापत जातो. भरतकामाचा आठ नंबरचा सुती दोरा चांगला. ओळींमध्ये एक इंच अंतर धरलं तर या मापाला सुमारे 130 मीटर शिलाई होते. टाक्यांची वळणं आणि गाठींत जाणारा दोरा धरून 180 मीटर लागतो. म्हणजे 80 मीटरच्या तीन गुंड्या आणा. अर्धा इंच अंतर हवं असेल तर पाच. सुई लांब, मोठ्या नेढ्याची. दाभण नको, त्याची भोकं कापडात कायमची राहतात. मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणूनची टोपी, घाला, सहा थरांवर त्याविना तासभरही निभाव लागत नाही.

एका कोपऱ्यातून सुरुवात करा. वरच्या आणि खालच्या थराची कड अर्धा इंच आत दुमडून कडेकडेने जा, पूर्ण फेरी झाली की एक इंच आत सरका, आणि अशा फेऱ्या मारत मध्यावर या. डावा हात गोधडीखाली असतो. सुईचं टोक बोटाला लागलं की सगळे थर घेतले गेले असं समजावं आणि टोक लगेच वर वळवावं. सुईवर एका वेळी दोन-तीनच टाके घ्या. टाका ज्वारीच्या दाण्याएवढा, फार तर पाच मिलिमीटर. मग दोरा ओढा, आणि इथे हात सांभाळा. टाक्याच्या दोन्ही बाजूंना कापड किंचित फुगून मध्ये खळी दिसली की ओढ बरोबर. कापड गोळा होऊन पन्ह्याला सुरकुती आली तर ओढ जास्त झाली: मधली हवा निघून जाते, गोधडी पुठ्ठ्यासारखी होते आणि माप चार-सहा इंचांनी घटतं. दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की पीळ पडून गुंता होतो. गाठ दोन थरांच्या मध्ये ओढून लपवा. उघडी गाठ धुण्यात सुटते, आणि एक गाठ सुटली की वीतभर ओळ उसवते.

रोज तासभर बसलं तर तीन ते चार आठवडे लागतात. दोघी-तिघी समोरासमोर बसून वेगवेगळ्या बाजूंनी शिवत असतील तर एकीची ओढ घट्ट आणि दुसरीची सैल असं होतं. तेव्हा बाजू वाटून घेण्याऐवजी फेऱ्या वाटून घ्या. पूर्ण झाली की कच्चे टाके काढायला विसरू नका, त्यात पायाची बोटं अडकतात.

बाळाचं दुपटं याच पद्धतीने, 30 बाय 36 इंच, तीनच थर. जुन्या धोतराचं कापड त्याला सर्वांत उत्तम. मणी, टिकल्या, झालर काही लावू नका. दुपटं अंथरायला आणि मांडीवर घ्यायला ठेवा. तान्हं बाळ एकटं झोपलेलं असताना तोंडावर सरकेल असं कुठलंच पांघरूण नको.

धुण्याचं वेळापत्रक पावसावर ठरतं. कोरडी गोधडी पावणेदोन किलोच्या आसपास भरते, भिजली की कितीतरी जड होते, आणि पावसाळ्यात ती आतून तीन-तीन दिवस वाळत नाही. मग कुबट वास धरते आणि काळे ठिपके पडतात. म्हणून मे महिन्यात धुऊन घ्या आणि पुढे चार महिने खोळ घालून वापरा. खोळ धुवायला सोपी. वाळत घालताना एका दोरीवर नको, हातभर अंतराच्या दोन दोऱ्यांवर टाका, मधून वारा खेळतो. पावसात उघडीप मिळेल तेव्हा दोन्ही बाजूंना तास-तासभर ऊन द्या. ओलसर गोधडी कितीही जाड असली तरी अंगाला गारच लागते. ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. सुती खोळीत घाला, घडीत कडुनिंबाची पूर्ण वाळलेली पानं ठेवा, आणि दर महिन्याला घडी मोडून वेगळ्या रेषेवर घाला, नाहीतर त्याच ओळीवर कापड चिरतं.

सर्वांत आधी विरते ती हनुवटीखाली येणारी कड. तिथे बाजूला ठेवलेल्या तुकड्यांतलं ठिगळ चारही कडा दुमडून, जुन्याच टाक्यांच्या ओळींवरून शिवा. दहा-बारा वर्षांनी वरचा थर जाळीदार झाला तरी टाकू नका. अख्खी गोधडी तशीच आत ठेवून खाली-वर एकेक दुसरी जुनी साडी लावायची आणि पुन्हा कोपऱ्यापासून सुरुवात करायची. या वेळी ओळींमध्ये दोन इंच अंतर पुरतं.