दुधाळ डोळे आणि फ्रिजवरचा कागद

आईला अजून सांगितलेलं नाही, तेव्हा हे वाचणाऱ्या नातेवाइकांनी जरा दमानं घ्यावं. मी राहते त्या फ्लॅटच्या हॉलमध्ये काचेच्या पेटीत एक साप आहे. माझा नाही, रूममेटचा. कॉर्न स्नेक. पूर्ण बिनविषारी, मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, नारिंगी अंगावर तांबडे ठिपके. खोली उजेडाची होती, पेटीला कुलूप होतं, म्हणून मी हो म्हटलं.

मागच्या महिन्यात रूममेट कामासाठी बाहेरगावी गेली आणि फ्रिजवर एक कागद चिकटवून गेली. दोन्ही बाजूंनी भरलेला. पेटीच्या गरम बाजूचं तापमान, गार बाजूचं तापमान, पाणी कधी बदलायचं, आर्द्रता किती हवी. आणि वर जाड अक्षरांत: ‘कात टाकायच्या बेतात आहे. खायला देऊ नकोस, बाहेर काढू नकोस.’ मी तापानं फणफणले होते तेव्हाही माझ्यासाठी कुणी इतकं लिहून ठेवलं नव्हतं.

कात आपण सगळ्यांनीच पाहिलेली असते. कुंपणाच्या कडेला, लाकडांच्या ढिगात. पण साप निघून गेल्यावरची. त्याआधीचा आठवडा-दोन आठवडे सापाचं काय चाललेलं असतं, ते बघायला मला विमानानं इतक्या लांब यावं लागलं. तसं ते बरोबरच आहे म्हणा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे, आपल्याकडचा नाग किंवा धामण कुणी घरात ठेवू शकत नाही आणि ठेवूही नये. सर्पमित्रांना मरगळलेला रंग आणि डोळे बघून साप कातीला आलाय हे कळतं, त्यासाठी त्यांना भिंतीवर आर्द्रता मोजणारं डिजिटल मीटर लागत नाही. हे मी रूममेटलाही ऐकवलं. ती म्हणाली, ‘मस्त, पण मीटर बघत जा.’

सुरुवात रंगापासून होते. नारिंगी रंगावर राख बसल्यासारखा तो फिका पडतो, ठिपक्यांच्या कडा पुसट होतात. पोटाकडचे खवलेही निस्तेज दिसतात. ज्यांच्याकडे बॉल पायथन (अजगराची एक जात) आहेत ते सांगतात की त्यांच्यात पोट गुलाबी झालं की समजायचं. साप लपून बसतो, एरवी संध्याकाळी काचेशी येणारा दिवसभर बाहेर पडत नाही. बहुतेक साप या काळात खाणं नाकारतात, आणि बळेच दिलं तर खाल्लेलं ओकून टाकण्याची शक्यता असते. फ्रीझरमधले उंदीर फ्रीझरमध्येच राहिले याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही.

मग डोळे. यावर मी जास्त बोलणार, कारण मी तासन्‌तास तेच बघत बसले होते. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला कायमचा बसवलेला असतो, आणि कातीबरोबर तोही निघतो. जुन्या कातडीखाली नवी पूर्ण तयार झाली की दोन्हींच्या मध्ये द्रव साठतो, जुनी सुटी व्हावी म्हणून. अंगावर तो द्रव नुसता मळकटपणा वाटतो, डोळ्यावर मात्र दुधाळ निळी झाक येते. काळी बाहुली दिसेनाशी होते. इकडचे पाळणारे ‘ब्लूमध्ये गेलाय’ म्हणतात. मोतीबिंदू झालाय असंच वाटतं. व्हिडिओ कॉलवर एका भावानं डोळ्यांत थेंब घालायचा सल्ला दिला, तो मी कृतज्ञतेनं ऐकून सोडून दिला.

या दिवसांत सापाला जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे तो पटकन दचकतो. गरीब स्वभावाचा सापही हाताकडे झेपावू शकतो. रागानं नाही, समोर काय हललं ते कळत नाही म्हणून.

आणि मग एका सकाळी डोळे स्वच्छ. इथेच नवखे फसतात. कात तर कुठे दिसत नाही, डोळे चकचकीत, म्हणजे काही नव्हतंच असं समजून लोक सापाला उचलतात, खायला घालतात. खरं तर मधला द्रव ओसरलेला असतो आणि कात त्यानंतर साधारण तीन-चार दिवसांनी पडते. सगळ्यात जास्त ओलावा लागतो तो याच दिवसांत.

ओलाव्याबद्दल माझी कुरकूर आहे. हिवाळ्यात हीटिंग चालू असलं की घरातली हवा कोरडीठाक होते. माझे ओठ फुटले होते, टाचा फुटल्या होत्या, आणि घरातलं एकुलतं एक ह्युमिडिफायर सापाच्या पेटीकडे तोंड करून ठेवलेलं होतं. शिवाय त्याच्यासाठी ओलं शेवाळ भरलेला, भोक पाडलेला एक डबा, आत शिरून बसायला. मी रागारागानं मीटर बघायचे आणि आकडा खाली आला की शेवाळावर पाणी शिंपडायचे. कारण हवा कोरडी राहिली तर कात तुकड्यातुकड्यांनी निघते, शेपटीच्या टोकाला तिचं कडं अडकतं, रक्तपुरवठा तुटतो आणि टोक गळूनही पडू शकतं. हे कागदावर वाचल्यावर रुसून बसणं अवघड होतं.

शेवटी त्यानं लाकडाच्या खरबरीत फांदीवर नाक घासायला सुरुवात केली. कात ओठांशी फाटते. मग तो तिच्यातून पुढे सरकत जातो आणि ती मागे उलटी होत जाते, पायातून मोजा काढावा तशी. हात लावायचा नाही, ओढायचं नाही. मी खुर्ची ओढून बसले, ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून. आपल्या कर्तव्यदक्षतेबद्दल इकडे फार ऐकून घ्यावं लागतं, त्यातली थोडी खर्चायला हरकत नव्हती.

काम इथे संपत नाही. ओलसर असतानाच कात पसरून बघायची. डोक्याच्या भागात डोळ्यांचे दोन गोल, स्वच्छ खवले दिसले पाहिजेत, आणि शेपटीचं टोक शाबूत असलं पाहिजे. डोळ्यावरचा खवला सापाकडेच राहिला असेल तर चिमट्यानं काढायला जायचं नाही, डोळा जातो. पेटीतला ओलावा वाढवायचा, नाहीच निघाला तर प्राण्यांचा डॉक्टर. अंगावर तुकडे राहिले तर कोमट, उथळ पाण्यात थोडा वेळ ठेवायचं. कात सापापेक्षा लांब भरते, कारण खवल्यांमधली घडीही ताणून उलगडते. त्यामुळे ‘केवढा मोठा साप असेल’ हे नुसत्या कातीवरून सांगणाऱ्या सगळ्या काकांचे आकडे थोडे कमी करून घ्या.

दोन्ही गोल होते. टोक होतं. मी फोटो पाठवला, रूममेटनं तो मोठा करून तपासला आणि मग शाबासकी दिली. कात टाकल्यावर साप बरेचदा पोटही साफ करतो, हे मात्र दोन्ही बाजूंनी भरलेल्या त्या कागदावर कुठेही लिहिलेलं नव्हतं.