ओटी पिवळी, तरी पाणी वाईट

चैत्रात लातूरकडच्या एका गावात हगवणीचे सहा पेशंट निघाले आणि खापर फुटलं जलसुरक्षकावर, म्हणजे गावच्या टाकीत औषध टाकणाऱ्यावर. ग्रामपंचायतीची नोटीससुद्धा निघाली. "साहेब, मी टीसीएल टाकलो होतो की हो," एवढंच तो म्हणत राहिला. टीसीएल म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर.

पाणी तपासणं माझं काम. मी स्वतः टाकीवर चढून ओटी केली, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची चाचणी. नळीत पाणी, वर ऑर्थोटोलिडीनचे थेंब. छान पिवळं आलं, रंगाच्या पट्टीवर लिटरला 0.5 मिलिग्रॅमच्या आसपास. नियमाला 0.2 पुरतं. पण थायोसल्फेटच्या (क्लोरीनचं काम तिथंच थांबवणाऱ्या रसायनाच्या) बाटलीत भरून आणलेल्या त्याच पाण्यात दोन दिवसांनी कोलिफॉर्म, म्हणजे पाणी दूषित असल्याची खूण मानले जाणारे जंतू, निघाले. "बाटली नीट निर्जंतुक केली नसेल," सहकाऱ्याचा निकाल तयारच होता. आमच्याकडे कोडं पडलं की दोष बाटलीचा. परत नमुना आणला, परत तेच.

मग पीएचच्या रकान्याकडे लक्ष गेलं. 8.6. काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी, त्यात टीसीएलमधला चुना.

क्लोरीनच्या पाण्यात जंतू मारायचं खरं काम हायपोक्लोरस आम्लाचं. आम्ल दुबळं, पीकेए साधारण 7.5. पीएच तेवढाच असेल तर निम्मे रेणू प्रोटॉन धरून असतात, निम्म्यांनी तो सोडलेला असतो. 8.6 ला धरून असलेले शंभरात जेमतेम सात. उरलेले हायपोक्लोराइट आयन. ते ऋणभारित, जंतूचा पृष्ठभागही ऋणभारित, त्यामुळे आत शिरणं अवघड. मारतात, पण फार सावकाश. बीएस्सीला हेच गणित मी मार्कांसाठी घोकलं होतं.

खरी चीड आली ती ओटीची. ते द्रावण हायड्रोक्लोरिक आम्लात केलेलं असतं. नळीत पडलं की आयनांना सोडलेला प्रोटॉन परत मिळतो आणि सगळा क्लोरीन सारखाच पिवळा दिसतो. टाकीत झोपा काढणारे नळीत येऊन हजेरी लावतात!

त्यात लाइट पहाटे यायची. टाकी भरली की पावडर, आणि दहा मिनिटांत व्हॉल्व्ह, कारण नळावर बायका घागरी घेऊन उभ्या. क्लोरीनला काम करायला अर्धा तास तरी द्यावा लागतो, पण कोण थांबणार? आता सरपंचांना सांगून आदल्या रात्री टाकी भरून पावडर टाकायला लावलीय. पुढचे दोन्ही नमुने चांगले आले. नोटीस मात्र जलसुरक्षकाच्या फायलीत तशीच.

आमच्या फॉर्मवर पीएच आणि क्लोरीन शेजारशेजारच्या रकान्यांत असतात. दोन्ही एकत्र कुणी वाचत नाही. मीही वाचत नव्हतो. हल्ली संध्याकाळी जुनी रजिस्टरं काढून बसतो. पीएच 8.4, ओटी पॉझिटिव्ह, शेरा 'पिण्यास योग्य', खाली माझी सही. अशी अकरा गावं निघालीत, आणि दोन वर्षांची रजिस्टरं अजून उघडायचीत.