गोठलेले खोबरेल आणि यकृतातला पंप

जानेवारीतल्या एखाद्या पहाटे दादरच्या आमच्या घरात खोबरेलाची बाटली गोठते. मुंबईच्या थंडीचा तेवढाच काय तो पुरावा. संपृक्त मेदाम्लांच्या (तेलातुपातल्या, दुहेरी बंध नसलेल्या घटकांच्या) सरळ साखळ्या एकमेकींना खेटून बसतात, म्हणून हे घडते. १६ कार्बनचे पामिटिक आम्ल सुमारे ६३ अंश सेल्सिअसला वितळते, तर १८ कार्बनचे ओलेइक आम्ल, एका दुहेरी बंधाने साखळीला आलेल्या बाकामुळे, १३ अंशांच्या आसपासच.

यकृताच्या पेशींतली पटले, म्हणजे मेदाम्ले असलेले पातळ पडदे, अर्थातच बाटलीसारखी गोठत नाहीत; पण पामिटिक आम्लाचा भरणा वाढला की ती दाट होतात, आणि वाहतूक करणाऱ्या प्रथिनांना आकार बदलायला लागणारी मोकळीक कमी होते. मला यात सर्वांत लक्षणीय वाटतो तो सर्का हा पटलातला प्रथिन-पंप, जो एटीपीचा (पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचा) एक रेणू खर्चून कॅल्शियमचे दोन आयन आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे जिथे नवी प्रथिने घडतात त्या पेशीतल्या पटलांच्या जाळ्यात, ओढतो. तो मंदावला की तिथला कॅल्शियमचा साठा घटतो, नव्या प्रथिनांच्या घड्या चुकू लागतात आणि ताण वाढत गेल्यास पेशी मरूही शकते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना सोबत ओलेइक आम्ल दिले, तर हे नुकसान बरेच टळते, कारण मग पामिटिक आम्ल निरुपद्रवी मेदथेंबांत साठवले जाते.

पामिटिक आम्ल वाढण्याचा दोष केवळ खाण्यातल्या वनस्पती तुपाचा नाही. जास्तीच्या साखरेपासून यकृत स्वतःच पामिटिक आम्ल बनवते, हे जिलेबीप्रेमींनी (मीही त्यांतलाच) ध्यानात घ्यावे.