नाइट शिफ्ट, निळं पाणी आणि कोमट पट्टी

मी मूळची सांगलीची, सध्या आयर्लंडमध्ये कॉन्टॅक्ट लेन्सच्या एका कारखान्यात प्रोसेस इंजिनिअर आहे. लेन्स कशी बनते हे सगळे विचारतात, पॅकिंगबद्दल कोणी विचारत नाही आणि माझं सगळं काम तिथेच आहे. रोज वापरून टाकायच्या लेन्स तुम्ही बघितल्या असतील, प्लॅस्टिकच्या छोट्या वाट्या, पाच वाट्यांची एक पट्टी आणि पाचांवर मिळून एकच फॉइल. एक वाटी मोडून घ्यायची नि फॉइल सोलायचं. ती मोडायची जागा आहे ना, दोन वाट्यांच्या मधली, त्या दोन-तीन मिलिमीटरने एका रात्री आम्हाला पार घाम फोडला.

आधी थोडं सांगते. वाटी पॉलिप्रॉपिलीनची, आत लेन्स आणि जेमतेम एक मिली सलाइन, वर फॉइल, आणि गरम ठसा दाबून सील. मग पट्टी थंड प्लेटवरून सरकते आणि पुढे पंच खाली येऊन मधलं फॉइल कापतो, पण पूर्ण कापत नाही, बारीक बारीक टाके शिल्लक ठेवतो. टाके जास्त राहिले तर लोकांना पट्टी मोडता येत नाही, कमी राहिले तर ती मशीनमध्येच सुटते. सगळ्यात शेवटी ऑटोक्लेव्ह, म्हणजे जंतू मारायला दाबाखाली 121 डिग्रीची वाफ. लेझरनेही कापतात काही ठिकाणी, पण ऍल्युमिनियम प्रकाश परत फेकतं, कडेला काजळी राहते, मला स्वतःला पंचच बरा वाटतो, फक्त त्याची धार सांभाळायला हवी.

माझी धाकटी बहीण, मायनस सात नंबर, ती पट्टी मोडत नाही म्हणून सरळ कात्रीने कापायची. मला कळलं तेव्हा मी फोनवरच ओरडले तिला, कारण कात्री एक मिलिमीटर आत गेली तर सील गेलं. पाणी निघून लेन्स वाळली तर निदान दिसतं तरी, भीती असते ती न दिसणाऱ्या बारीक वाटेची, तिथून जंतू आत जातात आणि माणूस ती लेन्स विश्वासाने डोळ्यात घालतो.

तर त्या रात्री दोनच्या सुमाराला लीक टेस्टवाली मुलगी माझ्या टेबलापाशी आली आणि काही न बोलता एक वाटी समोर ठेवली. आमची टेस्ट अशी की पट्ट्या निळ्या रंगाच्या पाण्यात बुडवून व्हॅक्यूम लावायचा, मग सोडायचा, धुऊन पुसून एकेक उघडायची. त्या वाटीत कडेला केसाएवढी निळी रेघ होती, सीलच्या पट्ट्यातून आत गेलेली. पट्टीतली तिसरी वाटी. लाइन थांबवली.

सगळे सीलरवर तुटून पडले, साहजिकच आहे, सील गळलं की सीलरच दोषी. टेम्परेचर बघितलं, प्रेशर बघितलं, ठसा किती वेळ दाबतो ते बघितलं, सगळं जागच्या जागी. मेंटेनन्सवाला ठसा काढायला निघाला होता, मी म्हटलं थांब जरा, आधी मला कापायच्या आधीच्या दहा पट्ट्या दे आणि कापल्यानंतरच्या दहा. दोन्ही निळ्या पाण्यात टाकल्या. आधीच्या दहाही स्वच्छ निघाल्या, नंतरच्यांत दोन निळ्या! म्हणजे सील होताना चांगलंच होत होतं, बिघडत होतं ते कापताना.

मग मायक्रोस्कोपखाली धरली. फॉइलची कड चिरल्यासारखी नव्हती, ओढल्यासारखी होती, बारीक सुरकुत्या आणि काठाला ऍल्युमिनियमची वर आलेली खरखरीत कड, आणि त्या सुरकुत्या थेट सीलमध्ये शिरलेल्या. पंच बोथट झाला होता हे उघड होतं. पण पंच काही एका रात्रीत बोथट होत नाही, मग आजच का? मी पंचच्या तोंडाशी आलेली एक पट्टी उचलली आणि ग्लोव्हमधूनसुद्धा ती हाताला कोमट लागली. तिथे ती गार असायला हवी. शेजारच्या लाइनवरची उचलली, ती गार. थंड प्लेटच्या पाण्याचा फिल्टर उघडला तर अर्धा गाळाने भरलेला, पाणी नुसतं ठिबकल्यासारखं येत होतं. म्हणजे सीलचा थर अजून पुरता घट्ट झालेला नाही आणि वरून बोथट पंच फॉइल कापायच्याऐवजी ओढतोय. दोन्हीपैकी एकच असतं तर कदाचित निभावलं असतं, पण गार पट्टीवर बोथट पंच कधीपासून चालत होता याचा विचार करून मला अजून अस्वस्थ व्हायला होतं.

फिल्टर बदलला, पंचचा सेट बदलला. खरा वाद झाला तो मालावरून. शेवटची चांगली टेस्ट संध्याकाळी सहाची, तिथपासूनचा माल म्हणजे सात ट्रॉल्या, कोणीतरी म्हणालं त्यातल्या तपासून चांगल्या ठेवू. मी नाही म्हणाले. टेस्टमध्ये प्रत्येक पट्टी फोडावीच लागते, तपासून परत विकता येत नाही, आणि नमुन्यात नाही सापडली म्हणजे ट्रॉलीत नाही असं होत नाही. सुपरवायझर बाई दोन मिनिटं गप्प बसल्या, मग त्यांनी सातही ट्रॉल्यांना लाल टॅग लावला. त्यांचं मला फार बरं वाटलं.

पहाटे सहाला नवीन पंचने निघालेल्या पट्ट्या निळ्या पाण्यातून काढून पुसल्या आणि आम्ही तिघं उभ्याने एकेक उघडत गेलो. पहिल्या दहा वाट्यांपर्यंत कोणी बोललंच नाही. सगळ्या स्वच्छ. तेव्हापासून आमच्याकडे नमुना कापायच्या आधी आणि नंतर असा दोन्हीकडून घेतात, आणि पंचच्या तोंडाशी पट्टीचं टेम्परेचर दर तासाला लिहितात.